मौनीचा बॅकपास

४ जून

मौनी,

अक्षर ओळखून पत्र फाडायच्या बेतात असशील तर आधी एवढं वाच. मी भांडायला आलेलो नाही. मागायला आलोय, पण ते मागणं एका ओळीचं आहे, आणि त्यासाठी तुला जागचं उठावंसुद्धा लागणार नाही.

मी खांब. तुझ्या ओळखीत आणखी कोणी खांब असले तर सांगतो, गोलमध्ये उभा राहायचा तो.

विद्यापीठाच्या पुरुष फुटबॉल संघाला या वर्षी पन्नास वर्षं होतायत. सप्टेंबरात आजी-माजी खेळाडूंचा सामना आहे आणि त्या दिवशी संघाच्या इतिहासाची पुस्तिका निघणार आहे. क्रीडा विभागात एक तरुण बाई आहेत, भलत्या चटपटीत. त्या म्हणाल्या, "काका, पहिल्या संघातले या शहरात तुम्हीच उरलात. तुम्हीच लिहा." मी म्हटलं, "बाई, मी जन्मभर घरोघरी पाण्याचे मीटर तपासले, मला इतिहास काय कळणार?" तर म्हणतात, "मग बरंच आहे, फापटपसारा नसेल." काय बोलणार! माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून तुझा पत्ता त्यांनीच काढून दिला.

पहिलं वर्ष लिहून झालंय. अकरा जण जमेनात म्हणून ग्रंथालयाच्या शिपायाला लेफ्ट आउटला उभा केला होता ते लिहिलंय. संख्याशास्त्राचे सर कोच झाले, कारण शिट्टी त्यांच्याकडे होती, हेही लिहिलंय. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागच्या कोठीत आपण कपडे बदलायचो आणि जर्सींना घामापेक्षा गॅसचाच वास जास्त यायचा. पहिल्या सामन्यात नऊ गोल खाल्ले. "नऊही एकट्या खांबाने खाल्ले, आम्हाला चवही दाखवली नाही," असं तू हॉस्टेलभर सांगत फिरलास. तेही लिहिलंय बघ. स्वतःचा अपमान स्वतःच्या हाताने लिहिणारा इतिहासकार तुला दुसरा मिळायचा नाही.

घोडं अडलंय ते चौथ्या वर्षाच्या फायनलशी. ते पान कोरं आहे.

सगळ्यांना माहीत आहे तेवढं मी लिहू शकतो. बरोबरी होती, शेवटची दोन-चार मिनिटं उरली होती. त्यांचा एक लांब चेंडू आपल्या हद्दीत आला. त्या काळी बॅकने मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता यायचा, आणि तू तर मान न वळवताच मागे पास द्यायचास, कारण मी कुठे असणार ते तुला ठाऊक असायचं. त्या दिवशी मात्र मीच चेंडू घ्यायला पुढे धावलो होतो. तू सोड म्हणून मी ओरडलो. तू सोडला नाहीस. नेहमीसारखा न बघता मागे ढकललास. चेंडू माझ्या शेजारून गेला, अगदी सावकाश, आणि रिकाम्या गोलमध्ये जाऊन बसला.

तू म्हणालास, "खांब ओरडलाच नाही." मी म्हणालो, "ओरडलो." तिथे आपलं बोलणं संपलं ते आजतागायत.

मला एवढंच सांग. माझा आवाज तू ऐकला होतास की नाही? हो किंवा नाही, एक शब्द पुरे.

खांब

२३ जून

मौनी,

पोस्ट खातं पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणतात, म्हणून पुन्हा लिहितोय. पत्र मिळालं नसेल असं मी धरून चाललोय. मिळूनही तू गप्प असशील तर मात्र कमाल आहे. तोंडाला कुलूप नव्हतं म्हणून तर तुझं नाव मौनी पडलं. आणि आज खरोखरीचं मौन!

दुसरं वर्ष लिहून झालं. त्यात टोपणनावांचं प्रकरण आहे. चुकलं असेल तर दुरुस्त कर. परगावच्या सामन्यात समोरच्या लोकांनी मैदानाच्या दारावर लावलेल्या संघाच्या यादीतून आपल्या सगळ्यांची नावं पाठ केली होती. चेंडू आपल्या बॅकपाशी आला की त्यांच्यातलाच कोणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडायचा, "सोड, माझा!" आपला भाबडा बॅक सोडायचा. तसे तीन गोल झाले. परतीच्या बसमध्ये कोच उभे राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून खरी नावं बंद. मैदानावर खऱ्या नावाने हाक मारेल तो शत्रू. त्याचं ऐकायचं नाही." मग रोजच्या सरावात ते स्वतः रेषेवर उभे राहून आपली खरी नावं घेऊन ओरडायचे. ज्याची मान वळेल त्याने मैदानाला चक्कर मारायची. मी किती चकरा मारल्या असतील! तुझी मान एकदासुद्धा वळली नाही. कोच म्हणायचे, हा पोरगा स्वतःच्या बारशालाही हजर नव्हता बहुतेक.

सवय अशी हाडीमाशी खिळली की माझ्या लग्नाची पत्रिका पाहून निम्मा संघ विचारत बसला, हा कोण बुवा? तुलाही पाठवली होती. तू मात्र ओळखूनच आला नाहीस.

माझं म्हणशील तर ठीक. ही तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी आणि जावई दूर देशी असतात. दर आठवड्याला फोन येतो. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." "बरे आहात ना?" "बरा आहे." मग ती तिकडचं हवामान सांगते, मी इकडचं सांगतो. दोन खोल्या आहेत, एक बसायची आणि एक झोपायची. बसायच्या खोलीत फारसं कोणी बसत नाही. खोटं कशाला बोलू, एकटं वाटतं रे. संध्याकाळी जास्त वाटतं. कधी कधी नळ उघडून बाहेर जातो आणि मीटरचा काटा फिरताना पाहत उभा राहतो. हे कोणाला सांगू नकोस.

मला राग नाही. होता, पण राग धरायलासुद्धा दोन माणसं लागतात.

एक शब्द लिही.

खांब

१२ जुलै

मौनी,

ठीक आहे. नको लिहूस.

पुस्तिका छपाईला जायची वेळ आली आणि बाई रोज विचारतात, "काका, फायनलचं झालं का?" म्हणून काल मी लिहून टाकलं. "बचावपटूने गोलकीपरच्या स्पष्ट सूचनेकडे दुर्लक्ष केल्यामुळे संघाला विजेतेपद गमवावं लागलं." छान वाक्य आहे की नाही? वर्तमानपत्रात शोभेल. वाटलं होतं, लिहिलं की गार वाटेल. तसं काही झालं नाही. शेवटी कागद चुरगाळून टाकला.

कारण खरं सांगू? आता मलाच खात्री उरलेली नाही. चाळीसहून जास्त वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी ओरडलो होतो. घसा फुटेस्तोवर ओरडलो होतो. पण एखादी गोष्ट इतक्या वेळा सांगितली की ती घडली होती की आपणच घडवली, हे सांगणाऱ्यालाही कळेनासं होतं. त्या मैदानावर माझ्या जवळ तू एकटाच होतास. बाकीचे सगळे पुढे होते. माझा आवाज कोणाच्या कानावर गेला असेल तर तुझ्याच. तू नाही म्हणालास तर मी तसंच लिहीन, माझी शपथ. पण हे असं मधल्यामध्ये ठेवू नकोस.

आणि तुझं काही दुखतखुपत असेल तर तसं कळव. मी येईन. तू न बोलावताही येईन, मला काय कामधंदा आहे!

खांब

२९ जुलै

अरे मौन्या, लेका!

पत्र आलं. उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. "तू ओरडला होतास. मी स्पष्ट ऐकलं होतं." बस्स, एवढंच. चार दशकांत एवढीच दोन वाक्यं लिहायला जमली तुला! आणि खाली सही काय पूर्ण नावाने करतोस? मी काय बँक आहे?

मी रडलो. सांगायला लाज कसली? शेजारचे शिंपीकाका कशाला तरी आले होते, त्यांना वाटलं वाईट बातमी. मी म्हटलं, "नाही हो, मित्राचं पत्र आलंय." ते म्हणाले, "मग रडताय कशाला?" त्या बाबाला काय सांगू!

हे बघ, मी काही धरून बसलेलो नाही. तू ऐकलंस आणि तरी चेंडू मागे दिलास, का दिलास, हे मी विचारणारही नाही. पायाला सवय होती, पाय मनाआधी हलला असेल. होतं तसं. कोठीत सगळ्यांसमोर तुला कबूल करता आलं नसेल. त्या वयात मलाही आलं नसतं. झालं गेलं गंगेला मिळालं.

आता सप्टेंबरातल्या सामन्याला ये. माझ्याकडेच उतर. बाहेरची खोली झाडून पुसून घेतलीय, दुसरी उशी आणलीय. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज किती वेगळा वाटतोय!"

येण्याआधी एक मोठं पत्र लिही. त्या दिवसाचं तुला जे जे आठवतं ते सगळं लिही, म्हणजे ते पान मला तुझ्या डोळ्यांनी लिहिता येईल.

तुझा,
खांब

११ ऑगस्ट

स. न.

तुम्हाला काय म्हणून लिहावं ते कळत नाही, म्हणून नुसतं स. न.

तुमचं मोठं पत्र मिळालं. छान लिहिलं आहे. माझ्या जर्सीची पाठीवरची शिवण उसवली होती, बरोबर. चेंडू आत गेल्यावर मी जाळीकडे तोंड करून उभा राहिलो आणि तोंडात मूठ कोंबून रडलो, तेही बरोबर. फक्त ते माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं. संघातल्या कोणालाही दिसणं शक्य नव्हतं, कारण सगळे माझ्या पाठीकडे होते. मौनीला तर नाहीच. तो गवतावर पालथा पडला होता.

ते फक्त गोलच्या मागे बसलेल्या माणसाला दिसू शकतं.

तुम्ही मौनी नाही. मी एका अनोळखी माणसाला माझ्या घरातल्या नळापर्यंत सगळं सांगून बसलो. एका म्हाताऱ्याची अशी थट्टा करून काय मिळालं तुम्हाला? तुम्ही कोण आहात, आणि मौनी कुठे आहे?

३० ऑगस्ट

प्रिय महोदय,

तुमचं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मधे एक फोन आला आणि त्यानंतर काही दिवस मला लिहिता आलं नाही. मागच्या पत्रात मी फार तोडून बोललो. त्याबद्दल माफ करा.

क्रीडा विभागातल्या बाईंनी यादी पुन्हा पाहिली. तुम्ही म्हणता तसंच निघालं. एकाच वर्षी, एकाच नावाचे आणि आडनावाचे दोघे. त्यांनी वरचा पत्ता दिला, तो तुमचा. त्यांचाही दोष नाही. आम्ही जन्मभर त्याला मौनी म्हणत राहिलो, या नावाचा आणखी कोणी असू शकेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. विद्यापीठात तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं, आणि एक दिवस सूचनाफलकावर संघाच्या यादीत तुम्हाला तुमचंच नाव दिसलं. ते नाव खेळतं कसं हे बघायला तुम्ही आलात आणि मग येतच राहिलात. वर्गातली मुलं चुकून तुमची पाठ थोपटायची आणि तुम्ही त्यांची चूक दुरुस्त करत नव्हता, हे वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. चार वर्षं तुम्ही माझ्या मागे बसला होता. बाजूला गर्दी असायची म्हणून तुम्ही तिथे बसायचात. मला वाटायचं, गोलकीपरच्या मागे जाळी असते आणि त्याच्यामागे काही नसतं.

माझं पहिलं पत्र तुम्ही परत पाठवायला हवं होतं, हे खरं. पण जन्मात प्रथमच कोणी इतकं मोठं पत्र त्या नावाला लिहिलं होतं, म्हणून ठेवून घेतलं, असं तुम्ही म्हणता. मी असतो तर मीही ठेवलं असतं. आणि तुम्ही खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मी ओरडलो होतो आणि तुम्ही ऐकलं होतं.

पण पुढची गोष्ट तुम्ही लिहिली नसती तर ती मला कधीच कळली नसती. मी "मौनी, सोड" असं ओरडलो नव्हतो. मी त्याचं खरं नाव घेऊन ओरडलो होतो. तुमचंही नाव तेच. तुम्ही दचकून उभे राहिलात आणि हातातला चहा अंगावर सांडला. त्या मैदानावर आपल्याला कोणी हाक मारील असं तुम्हाला कधी वाटलंच नव्हतं.

हे असं का झालं तेही आता आठवलं. आदल्या दिवशी मी मौनीच्या घरी होतो. त्याची आई त्याला सारखी नावाने हाका मारत होती. अरे अमुक, पाणी आण. अरे अमुक, तुझ्या मित्राला वाढ. दिवसभर मी त्या हाकांना हसत होतो, कारण ते नाव त्याला शोभतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी घाबरल्यावर तेच तोंडातून निघालं.

मी बाईंकडून दुसरा पत्ता घेतला आणि तिथे दोन ओळी लिहिल्या, खाली माझा फोन नंबर दिला. मौनीच्या बायकोचा फोन आला. मी "हॅलो" म्हणताच त्या म्हणाल्या, "खांब भाऊजी ना?" आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. पण त्या घरात मी भाऊजी होतो.

"हे गेले हो," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. तुम्हाला कळवायचं होतं, पण तुमचं खरं नाव आमच्यात कोणालाच आठवेना. ते तर खांबच म्हणायचे."

मी विचारलं, "वहिनी, फायनलचं कधी काही बोलायचा का?"

"कधी काय विचारता? घरात पोरांना पाठ आहे ते," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, समोरच्या एका लबाडाने अगदी खांबासारखा आवाज काढला आणि माझं नाव घेऊन ओरडला, सोड म्हणून. पण मी काही फसलो नाही. कोच असते जवळ तर त्यांनी पाठ थोपटली असती. आणि मग म्हणायचे, खांबाने एक हाक मारायला हवी होती गं. त्याने हाक मारली असती तर मी सोडला असता."

मी त्यांना सगळं सांगितलं. तो लबाड मीच होतो हे सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "हे त्यांना कळायला हवं होतं हो, भाऊजी."

हो ना. त्याला कळायला हवं होतं. तो नियम पाळत होता. आम्हा सगळ्यांत त्याच्याइतका तो नियम कोणी पाळला नाही. आणि त्याला वाटत राहिलं की मी त्याला हाक मारली नाही, आणि मला वाटत राहिलं की त्याने माझी हाक मानली नाही. बस पकडून गेलो असतो तर एका बैठकीत उलगडलं असतं. दोघांपैकी एकाने तरी जायचं होतं. मी रोज लोकांच्या दारात जायचो, मीटर वाचायचो. त्याच्या दारात तेवढा गेलो नाही. आता फार वाईट वाटतं. यापेक्षा वेगळा शब्द माझ्याकडे नाही.

पान लिहून झालं. असं लिहिलंय: "गोलकीपरने बचावपटूला चेंडू सोडण्यासाठी हाक मारली. संघाच्या रिवाजाप्रमाणे बचावपटूने ती हाक आपली मानली नाही. सामन्यानंतर दोघांनी जे सांगितलं ते दोन्ही खरं होतं." बाई म्हणाल्या, "काका, हे वाचणाऱ्याला काही कळणार नाही, जरा खुलासा करा." मी म्हटलं, राहू द्या तसंच. वहिनी आणि पोरं सामन्याला येणार आहेत, त्यांना कळेल.

आता तुमचं. तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "यापुढे आपल्याला त्रास देणार नाही." साहेब, ती उशी आणून ठेवलेली तशीच आहे. मौनीसाठी आणली होती, खोटं सांगत नाही. तुम्हाला त्याच्या जागी बसवायचं नाही मला, त्याची जागा त्याचीच आहे. पण त्या दिवशी मी जिवाच्या आकांताने हाक मारली तेव्हा उठून उभं राहणारं माणूस मैदानात एकच होतं. त्याला मी अजून पाहिलेलं नाही.

सामना पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता आहे. तुमच्या गावाहून दोन गाड्या बदलाव्या लागतात असं बाई म्हणाल्या. पहिली चुकली तर दुसरीने या, तीही चुकली तर तिसरीने या. मी थांबेन. मला घरी जायची घाई नसते.

आपला,
खांब